गुलाबाचे तेल वाहक तेलात मिसळताना

गुलाबाचे तीव्र तेल त्वचेला लावण्यापूर्वी वाहक तेलात, म्हणजे ते पातळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या तेलात, मिसळावे लागते. शुद्ध गुलाब तेलाची बाटली हाती आली की आधी लेबल नीट वाचावे. दमास्क गुलाबाच्या साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्यांतून जेमतेम १ किलो तेल निघत असल्याने, अनेक विक्रेते ते जोजोबा या झुडपाच्या बियांच्या तेलात ३ किंवा ५ टक्के मिसळूनच विकतात, आणि अशा बाटलीला खाली दिलेले शुद्ध तेलाचे प्रमाण लागू पडत नाही. फार स्वस्त मिळणाऱ्या तेलात भेसळीची शंका घ्यावी. ही भेसळ जुनी आहे: आपल्या खानदेशातील रोशा गवताचे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जात असे, ते गुलाबाच्या तेलात मिसळण्यासाठीच, कारण दोन्हींत जेरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो.

वाफेने काढलेले अस्सल तेल थंडीत गोठते. त्यातील मेणासारखा भाग पारदर्शक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा दिसू लागतो. अशा वेळी वरचा पातळ भाग तेवढा ओतून घेऊ नये, कारण मग थेंबागणिक घटकांचे प्रमाण बदलते. बाटली घट्ट बंद करून तळहातात किंवा कोमट पाण्यात धरावी, पापुद्रे पूर्ण विरघळू द्यावेत आणि मगच ड्रॉपर वापरावा. गॅसवर मात्र ती कधीही तापवू नये.

प्रमाणाच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. या तेलात मिथाइल युजेनॉल हा जास्त प्रमाणात घातक ठरू शकणारा घटक असल्यामुळे त्वचेसाठी ०.६ टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली जाते. १ मिलीलीटरचे सुमारे २० थेंब धरले, तर १० मिलीलीटर वाहक तेलात १ थेंब म्हणजे ०.५ टक्के होतात, आणि सुगंधासाठी तेवढे पुरेसे असतात. आधीच ५ टक्के मिसळलेले तेल असेल, तर त्याचा १ मिलीलीटर ९ मिलीलीटर वाहक तेलात घालावा.

वाहक म्हणून जोजोबा सर्वांत उत्तम, कारण त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो व ते लवकर खवट होत नाही; गोडे बदाम तेलही चालते, पण ते थोडेच करून लवकर संपवावे. घाण्याच्या तिळाच्या तेलाचा वास गुलाबावर मात करतो. कोरड्या, गडद काचेच्या बाटलीत आधी वाहक तेल, मग थेंब घालून बाटली तळहातांत हलके फिरवावी, आणि वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस किंचित लावून २४ तास वाट पाहावी. लाली किंवा खाज आल्यास ते वापरू नये. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहून ती उन्हापासून दूर ठेवावी.