कर्नल आणि मेसा: ड्रायव्हरचा बदल दोन्हीकडे पाठवण्याआधी

ग्राफिक्स ड्रायव्हरला नवा आयऑक्टल (प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगायची हाक) हवा असेल, तर अर्धं काम लिनक्स कर्नलच्या डीआरएममध्ये, म्हणजे ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागात असतं आणि अर्धं मेसामध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूच्या ग्राफिक्स लायब्ररीत. आधी क्रम पक्का करा, गाडी अडते ती इथेच. मेसाचा बदल पूर्ण लिहून, रिव्ह्यू होऊन तयार हवा, पण मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) करायचा नाही. तो तयार दिसला की मगच कर्नलवाले त्यांच्याकडचा बदल, म्हणजे पॅच घेतात, आणि पॅच डीआरएम-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल जमतात त्या शाखेत) पोचला की मेसाचं मर्ज. कंपनीच्या स्वतःच्या फोर्कवर (वेगळ्या काढलेल्या प्रतीवर) चालतंय एवढ्यावर भागत नाही, बदल मूळ मेसासाठीचाच लागतो. नियम जाचक वाटतो खरा, पण कर्नलच्या इंटरफेसवर एकदा प्रोग्रॅम चालू लागले की तो मोडायची मुभा नसते.

म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ स्ट्रक्टला, म्हणजे आयऑक्टलसोबत जाणाऱ्या माहितीच्या रचनेला द्या. पॉइंटर 64 बिटांच्या पूर्णांकातून पाठवा, नाहीतर 32 बिटांच्या प्रोग्रॅमची मांडणी 64 बिटांच्या कर्नलशी जुळत नाही. मधलं पॅडिंग (फील्डांमधली रिकामी जागा) स्वतः लिहा. फ्लॅग्सचं (पर्याय चालू-बंद करणाऱ्या बिटांचं) फील्ड ठेवा, आणि अनोळखी बिट किंवा पॅडिंगमध्ये शून्याखेरीज काहीही आलं तर ईआयएनव्हीएएल ('चुकीचं मूल्य' ही त्रुटी) परत करा. ही तपासणी राहिली तर कुणाचा तरी प्रोग्रॅम तिथे कचरा पाठवत राहतो, नि पुढे ते फील्ड वापरताच येत नाही. असे चुकीचे फ्लॅग मुद्दाम पाठवणारी चाचणी आयजीटीत (डीआरएमच्या चाचणी-संचात) घाला.

लोक कर्नल आणि मेसा एकदम अपडेट करत नाहीत. तेव्हा नवा मेसा जुन्या कर्नलवर आणि जुना मेसा नव्या कर्नलवर, दोन्ही चालवून बघा. नव्या आयऑक्टलची सोय आहे की नाही हे कर्नलच्या आवृत्तीवरून ठरवू नका, डिस्ट्रो (लिनक्स तयार करून वाटणारे) जुन्या कर्नलमध्येही पॅच आणतात. ड्रायव्हरलाच विचारा, नकार आला तर जुन्या वाटेने जा.

मेसातली डीआरएमची हेडर (इंटरफेसच्या व्याख्यांच्या फायली) हाताने दुरुस्त करायची नाहीत. कर्नलमध्ये 'मेक हेडर्स_इन्स्टॉल' चालवून निघालेली प्रतच आणा, आणि ती कर्नलच्या कुठल्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ते मेसाच्या बदलाच्या संदेशात लिहा.

चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवणं, साइन्ड-ऑफ-बायची ओळ (पॅच देण्याचा हक्क असल्याची सही), योग्य मेंटेनर (त्या भागाचा सांभाळकर्ता) शोधणं ही किरकोळ कामं. वेळेचं मात्र सांभाळा: मर्ज विंडो (कर्नलमध्ये नवे बदल घ्यायचा काळ) दोन आठवडे उघडी असली, तरी डीआरएममध्ये नव्या फीचरचं दार आधीच्या आवृत्तीच्या साधारण आरसी6 ला (सहाव्या चाचणी-आवृत्तीला) लागतं. पॅच पाठवताना मेसाच्या मर्ज रिक्वेस्टची लिंक द्या, रिव्ह्यू करणारा तीच आधी मागतो.