बांधकामाच्या साइटवर बीटीआय कसं फवारावं

मुंबई-गोव्याकडे बांधकामांवर हिवताप पसरवणारा डास म्हणजे ॲनोफिलीस स्टिफेन्साय. याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायला) अडवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी टाकी इथे ते आयतंच मिळतं. डासाच्या अळ्या मारणाऱ्या बीटीआय या जिवाणूची पावडर अशा जागी चांगली चालते. पण हे अंगाला लागून मारणारं औषध नाही. अळीने ते खाल्लं, तरच त्यातल्या स्फटिकांचं विष तिच्या आतड्यात सुटतं.

आधी डिपरने (लांब दांड्याच्या पळीने) पाणी काढून अळ्या आहेत का बघा. पाण्यावर सावली पडू देऊ नका, अळ्या लगेच बुडी मारतात. ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाशी आडवी पडून असते. डोकं खाली करून लटकणारी अळी क्युलेक्स किंवा एडिस या दुसऱ्या डासांची.

स्वच्छ पाण्यासाठी पावडरचं प्रमाण हेक्टरी ५ किलो, २०० लिटर पाण्यात. म्हणजे १० लिटरच्या पंपाला २५० ग्रॅम आणि दर चौरस मीटरला २० मिली द्रावण. १० बाय १५ मीटरच्या स्लॅबला ३ लिटर पुरतं. डब्यावर वेगळं प्रमाण छापलं असेल तर तेच धरा. पावडर थेट पंपात ओतलीत तर गुठळ्या होऊन नोझल तुंबलंच समजा. बादलीत थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, फडक्याने गाळा, मग पंपात भरा. मारताना पंप अधूनमधून हलवत राहा, नाहीतर सगळा गाळ तळाशी बसतो. द्रावण त्याच दिवशी संपवा.

संध्याकाळी फवारलेलं बरं, कारण उन्हाने जिवाणू लवकर निकामी होतो. ॲनोफिलीस पृष्ठभागावर चरते आणि औषध हळूहळू खाली बसतं. म्हणून बारीक तुषार संपूर्ण पाण्यावर, कोपऱ्यांसकट पसरू द्या. एका जागी बदाबदा ओतून उपयोग नाही.

२४ आणि ४८ तासांनी पुन्हा डिपर घाला. लहान अळ्या मेल्या आणि कोष (अळीनंतरची अवस्था) मात्र जिवंत दिसले, तर औषध खोटं ठरवू नका: कोष काही खातच नाही. ते पाणी ओतून टाका. फवारणी पंधरा दिवसांनी करा असं सांगतात, पण गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उघड्या स्लॅबवर दर आठवड्याला बघा आणि अळ्या दिसल्या की फवारा. पिण्याच्या पाण्यात मात्र डब्यावर तशी स्पष्ट परवानगी छापलेली असेल तरच टाका.