आजारी माणसाचा मदतीचा अर्ज भरून देताना या चुका टाळा

हक्काची आर्थिक मदत नाकारली जाते तेव्हा उणीव पुष्कळदा पात्रतेत नसते, अर्जात असते. आजारपणामुळे कमाई थांबलेल्या माणसाचा अर्ज भरून देणारे आपण ‘दमा’, ‘संधिवात’ किंवा ‘नैराश्य’ एवढेच लिहून रकाना संपवतो, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. निर्णय घेणाऱ्याला त्या आजारामुळे रोजच्या जगण्यात काय अडते, हे कळायला हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या, म्हणजे माणसाला रोजचे काय जमते आणि काय अडते याच्या, वर्गीकरणाचा भरही यावरच आहे.

‘चालता येते का?’ असे विचारले की परिस्थितीने गांजलेला माणूसही स्वाभिमानापोटी ‘येते’ म्हणतो आणि आपण तेच उतरवून घेतो. किती अंतरावर थांबावे लागते, तेवढेच अंतर लगेच पुन्हा चालवते का, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवते का, अंघोळीला कोणाचा आधार लागतो का, हे त्याला संकोच वाटणार नाही अशा बेताने, शक्यतो एकांतात विचारावे. दुखणे कमीजास्त होत असेल, तर महिन्यातले किती दिवस वाईट जातात तेही लिहावे, कारण बऱ्या दिवसाचे वर्णन खरे असूनही अपुरे ठरते. वाढवून मात्र काहीही लिहू नये. एक अतिशयोक्ती उघड झाली की खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो.

‘रुग्ण उपचार घेत आहे’ एवढ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने काम भागत नाही. अर्जातले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून त्यांचीच उत्तरे मागावीत. हे काम उपचाराबाहेरचे आहे असे वाटणाऱ्यांसाठी सांगतो: ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्या मुलांचा दमा नुसत्या औषधांनी आवरत नाही, हे पाहून बॉस्टनमधील बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी १९९३ साली घरमालकांना घरे दुरुस्त करायला लावण्यासाठी वकिलांची मदत रुग्णसेवेशी जोडली.

कोऱ्या अर्जावर सही घेऊ नये, आणि भरलेल्या अर्जाची प्रत व पोच अर्जदाराकडेच ठेवावी.

नकाराचे पत्र भीतीने न उघडता ठेवून देणारे अनेक असतात, आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते. पत्र सोबत बसून वाचावे, मुदतीची तारीख ठळक लिहून ठेवावी आणि अपिलात जुनाच मजकूर पुन्हा न उतरवता, नकाराचे जे कारण दिले आहे नेमके त्यालाच उत्तर देणारा पुरावा जोडावा.