चादरीखालची रेल्वे

घरात मॉडेल रेल्वेचं लेआउट, म्हणजे छोट्या आगगाडीची मांडणी, करायला घेतलं. माप एचओ, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. फळ्या उभ्या केल्या, रूळ बसवले आणि मग पाच महिने सगळ्यावर चादर. मी त्याला आळस म्हणायचो. खरं कारण होतं रुळांचा एकच सांधा! मागच्या वळणावर इंजिन दर फेरीला अडखळायचं, बोटाने ढकलावं लागायचं. मजाच जाते हो त्यात.

एका रविवारी ठरवलं, डोंगर-बोगदे गेले उडत, आज फक्त तो सांधा. मल्टिमीटरने नुसतं मोजलं तर सगळीकडे १२ व्होल्ट. इंजिन चालू ठेवून मोजलं, तेव्हा सांध्यापलीकडे जेमतेम ७. रूळ जोडून वीज पुढे नेणारी पत्र्याची क्लिप सैल झाली होती. पलीकडच्या दोन्ही रुळांना खालून वेगळ्या तारा सोल्डर केल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसले. फडकं काळंकुट्ट!

इंजिन एकदाही न थांबता फिरलं. मी बघतच बसलो, किती वेळ कोण जाणे.

आता रोज वीस मिनिटं, एकच काम. काल सिग्नलचा खांब लावला. थोडा वाकडा आहे. चादर मात्र घडी होऊन कपाटात गेली.