ब्राउझर बदलण्याआधी एरर वाचा: घरच्या कॉम्प्युटरवर हमखास होणाऱ्या चुका

घरात कॉम्प्युटर एकच. त्यावरच मुलांचा अभ्यास, दुकानाची बिलं, शेताचा उतारा आणि पासपोर्टचा फॉर्म. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत हेच चित्र आहे. अशा मशीनवर काही अडलं की दोनच उपाय सुचतात: नवा ब्राउझर टाकायचा, नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणायचं. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. काय अडलंय ते स्क्रीनवरची दोन ओळींची एरर नावानिशी सांगत असते आणि लोक नेमकी तीच न वाचता ओके दाबतात. एरर आली की आधी मोबाईलने तिचा फोटो काढा, मग खिडकी बंद करा. एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

घड्याळ चुकलेलं आणि दोष ब्राउझरला

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते.

खानापूर तालुक्यातल्या एका घरातला प्रकार. पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करत होती म्हणून कॉम्प्युटरचं बटण आठवडाभर भिंतीवरूनच बंद ठेवलेलं. नंतर चालू केला तर क्रोम म्हणतो, ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. बँकेची साइट उघडेना, मेल उघडेना. "क्रोम बिघडलंय बघा," असं ठरलं आणि शेजाऱ्याच्या पेन ड्राईव्हवरून फायरफॉक्स आला. त्यातही तेच. मग तिसरा ब्राउझर, मग अँटिव्हायरस काढून टाकला, शेवटी मशीन दुकानात गेलं आणि फॉरमॅट झालं. लग्नाचे फोटो डी ड्राईव्हमध्ये नव्हते, डेस्कटॉपवर होते. ते गेले. पुढच्या वेळी भिंतीवरचं बटण दोन दिवस बंद राहिलं आणि तीच एरर परत हजर झाली. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तारीख २०१५ सालची होती. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

असं का होतं ते समजून घ्या. बँकेच्या साइटकडे ती खरी असल्याचं एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. ब्राउझर ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून सुरूच झालेलं नसतं. त्यामुळे कुठलाही ब्राउझर टाकला तरी उत्तर एकच येणार. एररच्या खाली बारीक अक्षरात ‘डेट इन्व्हॅलिड’ हे शब्द दिसले, किंवा क्रोमने सरळ ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ म्हटलं, तर ब्राउझरला हात लावू नका.

घड्याळ मागे जातं ते मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलमुळे. सेलचं नाव सीआर२०३२, ३ व्होल्टचा, मिळतो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. भिंतीवरचं बटण चालू असेतो घड्याळाला वीज तिथून मिळते, म्हणून सेल संपल्याचं कळत नाही. बटण बंद केलं की कळतं.

सेल बदलायच्या आधी, मशीन चालू होत असताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय, ते कागदावर लिहून ठेवा. जुन्या बोर्डावर सेल काढला की ही सेटिंग मूळपदावर जाते. ती बदलली तर विंडोज सुरूच होत नाही आणि मग हार्ड डिस्क गेली म्हणून लोक घाबरतात. नंतर मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. सेलच्या बाजूची पट्टी नखाने ढकलली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख, वेळ आणि लिहून ठेवलेला साटा मोड भरा. विंडोजमध्ये आल्यावर टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ आहे ना ते बघा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. तारीख आधी हाताने भरायचं कारण असं की १५ तासांहून जास्त फरक असेल तर घरगुती विंडोजची वेळ-सेवा नेहमीच्या सेटिंगमध्ये तो आपण होऊन दुरुस्त करत नाही.

आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रोसीड’ करत बँकेचा पासवर्ड टाकायचा, ही वाट कधीच धरू नका. तारीख बरोबर असतानाही ती एरर आली तर ती साइट खरंच खोटी असू शकते.

ब्राउझर किती आणि कुठला

दोन पुरेत. विंडोज १० किंवा ११ वर एज आधीपासून असतोच, त्याच्या जोडीला फायरफॉक्स किंवा क्रोम. दुसरा ठेवायचा तो एखादी साइट पहिल्यात चालली नाही तर ताडून बघायला. एज आणि क्रोम दोन्ही क्रोमियम नावाच्या एकाच पायावर बनलेले, म्हणून एकात अडलेलं पान दुसऱ्यातही बहुधा अडतं. ताडून बघायचं तर फायरफॉक्सच खरा उपयोगी. ४ जीबी रॅमच्या मशीनवर चार-चार ब्राउझर ठेवले की प्रत्येकाचा अपडेट करणारा कार्यक्रम मागे चालू राहतो आणि मग "कॉम्प्युटर हळू झालाय" ही तक्रार सुरू होते. एजच्या सेटिंगमधलं ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि बंद केल्यावरही मागे चालत राहण्याचा पर्याय, दोन्ही बंद करा.

विंडोज ७ असेल तर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यापुढची चढवायचा प्रयत्न करू नका. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ही त्या मशीनवर चालणारी शेवटची मालिका. ती घाला, पण अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

ब्राउझर उतरवताना गुगलमध्ये ‘क्रोम डाउनलोड’ असं टाकून पहिल्या लिंकवर क्लिक केलं जातं. पहिली लिंक अनेकदा जाहिरात असते, तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं असतं. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’. तिथे क्रोमला ‘गुगल एलएलसी’ आणि फायरफॉक्सला ‘मोझिला कॉर्पोरेशन’ हे नाव हवं. तो टॅबच नसेल तर फाइल उडवा.

उतारा निघत नाही, साइट बंद आहे?

भूमी या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या साइटवर जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, सर्नोक, हिस्सा सगळं भरून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर आधी पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बघा. तिथे फुली असलेली छोटी खिडकी दिसेल. ब्राउझरने पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणारी वेगळी खिडकी, अडवलाय, एवढंच. तिच्यावर क्लिक करून त्या साइटला कायमची परवानगी द्या, ‘डन’ म्हणा आणि बटण पुन्हा दाबा. फायरफॉक्समध्ये हीच सूचना पानाच्या वर पट्टीत येते. सगळ्याच साइटना परवानगी देऊन ठेवू नका, नाहीतर जाहिरातींचा पूर येईल.

कन्नड वाचता येत नाही म्हणून क्रोमचं भाषांतर चालू ठेवून फॉर्म भरणं ही आपल्या सीमाभागातली खास चूक. माहिती वाचायला भाषांतर चांगलंच आहे, त्याने कितीतरी लोकांची सोय झाली. पण भाषांतर चालू असताना ड्रॉपडाउनमधली गावांची नावंसुद्धा शब्द समजून बदलली जातात. आपलं गाव यादीत नाही असं वाटतं, किंवा दुसरंच निवडलं जातं. वाचून झालं की पान मूळ भाषेत आणा, शक्य तिथे साइटवरचाच इंग्रजी पर्याय घ्या, मग भरा.

‘डीएलएल मिसिंग’ आणि फुकटच्या फाइली

निपाणीतल्या एका दुकानात बिलाचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. उघडताना एरर आली: व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही. डीएलएल म्हणजे सॉफ्टवेअरला चालायला लागणारी मदतनीस फाइल. मुलाने ते नाव गुगलला विचारलं, एका साइटवरून तेवढी एक फाइल उतरवली आणि सिस्टम३२ मध्ये टाकली. आता ‘मिसिंग’ गेलं आणि शेवटी ७बी असलेला नवा एरर नंबर आला. मग तशाच आणखी तीन फाइली आल्या. आधी चालणारं प्रिंटरचं सॉफ्टवेअरही बंद पडलं. शेवटी फॉरमॅट, आणि त्यात जुनी बिलं गेली.

इथे दोन चुका झाल्या. पहिली, अनोळखी साइटवरची एकटी डीएलएल घेतली. तिच्यात काय भरलंय ते कुणालाच ठाऊक नाही. दुसरी, तिची जागा चुकली. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. ३२ बिटची फाइल सिस्टम३२ मध्ये गेली की ७बी ठरलेलीच.

खरं तर एररमधल्या आकड्यातच उत्तर होतं. १४० म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ २०१५ ते २०२२ चं. १२० म्हणजे २०१३ चं, ११० म्हणजे २०१२ चं, १०० म्हणजे २०१० चं. ही पॅकेजं एकमेकांची जागा घेत नाहीत, जे मागितलंय तेच लागतं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. मशीन ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही टाका, कारण बिलाची आणि टायपिंगची बरीच सॉफ्टवेअर अजून ३२ बिटचीच आहेत. बाहेरून टाकलेली डीएलएल आधी काढा, मग पॅकेज टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

कंट्रोल पॅनेलमध्ये व्हिज्युअल सी++ च्या आठ-दहा नोंदी दिसतात. ‘डुप्लिकेट’ समजून त्या उडवणारे खूप आहेत. राहू द्या त्या. प्रत्येक नोंद कुठल्यातरी सॉफ्टवेअरची गरज आहे.

जुन्या सॉफ्टवेअरने .नेट फ्रेमवर्क ३.५ मागितलं तर ते बाहेर शोधायला जाऊ नका. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’, तिथे सगळ्यात वरच्या ओळींत ते आहे, खूण करा. २.० आणि ३.० त्यातच येतात. तिथे एरर आली तर बऱ्याचदा कारण असं की डेटा वाचवायला कुणीतरी विंडोज अपडेट बंद करून ठेवलेलं असतं. चालू करा, परत प्रयत्न करा.

अक्षरांचे चौकोन

फाइल उघडल्यावर काय दिसतंय ते नीट बघा. दोन वेगळे रोग आहेत. रिकामे चौकोन दिसले तर मशीनवर युनिकोडचा, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीचा, फॉन्ट नाही. डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली विचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर मजकूर नुडी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. कन्नड पत्रं आणि छापखान्यातून आलेल्या मराठी पत्रिका अनेकदा अशाच असतात.

विंडोज १० पासून मंगल आणि तुंगा हे फॉन्ट सगळ्या मशीनवर आपोआप येत नाहीत. सेटिंगमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, ‘अ‍ॅड’ करून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ आणि ‘कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स’ दोन्ही घ्या. पहिल्यात मंगल येतो, दुसऱ्यात तुंगा. जुन्या पद्धतीच्या मजकुराला तोच फॉन्ट लागतो. नसेल तर पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा, सगळ्यात कमी त्रासाचं तेच. असा मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट करू नका. तिथे तो फॉन्ट लागत नाही आणि तुमचं नाव कचरा होऊन जमा होतं. कन्व्हर्टरने आधी युनिकोड करा किंवा सरळ नव्याने टाइप करा.

थोडक्यात आणखी काही

‘फ्लॅश प्लेयर अपडेट करा’ असं कुठलंही पान म्हणालं तर ते खोटं आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

ई-आधारची पीडीएफ उघडत नाही म्हणून रीडर बदलू नका. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. त्या पीडीएफवरच्या डिजिटल सहीवर दिसणारं प्रश्नचिन्ह ब्राउझरमध्ये जात नाही, त्याला अ‍ॅडोबी रीडर लागतो.

एखादं जुनं सरकारी पान इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ खाली आयई मोडला परवानगी द्या. पानाची नोंद ३० दिवसांनी निघून जाते, परत करावी लागते.

ब्राउझर काढण्याआधी बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढून घ्या. पासवर्डची फाइल काढलीत तर लक्षात ठेवा, ती उघडी असते, कुणालाही वाचता येते. नव्या ब्राउझरमध्ये घातली की लगेच उडवा, रीसायकल बिनमधूनही.

इन्स्टॉल करताना पट्टी पुढे सरकत नाही म्हणून मधेच बंद करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर १० मिनिटं थांबावं लागतं, तेवढं थांबा. लॅपटॉप असेल तर चार्ज करून बसा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. आणि झाल्यावर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं तेव्हा शट डाउन केल्यावर विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, तो जसाच्या तसा डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्टने मात्र तो नव्याने सुरू होतो.