चेबॉलचं खरं कर्ज कसं मोजावं

चेबॉल म्हणजे एका कुटुंबाच्या हाती असलेला कोरियन उद्योगसमूह. त्याचा अभ्यास बहुतेक जण मुख्य कंपनीच्या ताळेबंदापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. आधी मालकीचा नकाशा काढा.

कोरिया फेअर ट्रेड कमिशन ही स्पर्धा नियामक संस्था दरवर्षी मे महिन्यात किमान 5 ट्रिलियन वोन मालमत्तेच्या समूहांची यादी जाहीर करतं. त्यात प्रत्येक समूहाचा ‘डोंगिलइन’, म्हणजे ज्याच्या हाती सूत्रं आहेत तो, दिलेला असतो. ते नाव कागदावर सगळ्यात वर लिहा. मग डार्ट या प्रकटीकरण प्रणालीवर कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडा (वर्ष संपल्यावर 90 दिवसांत ते येतात) आणि कोणाकडे कोणाचे किती टक्के शेअर आहेत, ते बाणांनी दाखवा. बाण फिरून मूळ कंपनीवर आला तर चक्र सापडलं. सुटे भाग बनवणाऱ्या ह्युंदाई मोबिसकडे ह्युंदाई मोटरचे, ह्युंदाई मोटरकडे किआचे आणि किआकडे मोबिसचे शेअर, हे त्याचं ठळक उदाहरण. 2014 पासून नवी चक्रं करायला बंदी आहे.

आता आकडेमोड. ‘अ’ कंपनीने बाहेरून 100 अब्ज वोन भांडवल उभारून ‘ब’मध्ये घातलं, ‘ब’ने तेच ‘क’मध्ये. प्रत्येकीची देणी 200 अब्ज. नुसती बेरीज केली तर देणी 600, भांडवल 300, म्हणजे देण्यांचं भांडवलाशी प्रमाण 200 टक्के. पण बाहेरून आलेला पैसा 100 च आहे, म्हणजे खरं प्रमाण 600 टक्के! म्हणून समूहातल्या समूहात गुंतवलेली रक्कम भांडवलातून वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1997 च्या आर्थिक संकटानंतर सरकारने मोठ्या समूहांना 1999 अखेर हे प्रमाण 200 टक्क्यांवर आणायला लावलं, तेव्हा मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन आणि आपसातली शेअरखरेदी हे मार्गही वापरले गेले. कागदावरचं प्रमाण उतरलं. देणी त्या मानाने उतरली नाहीत. एक लक्षात ठेवा, कोरियात हे प्रमाण काढताना फक्त कर्ज नव्हे, सगळी देणी धरतात.

मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्या मिळून काढलेल्या एकत्रित ताळेबंदानेही सगळं दिसत नाही. ह्युंदाई मोटरकडे किआचा साधारण एक तृतीयांश हिस्सा आहे, तरी किआची देणी तिच्या एकत्रित ताळेबंदात येत नाहीत.

सर्वात जास्त वेळ परदेशी उपकंपन्यांना द्या. मोठ्या समूहांना देशातल्या भगिनी कंपन्यांच्या कर्जाला नवी हमी द्यायला 1998 पासून मनाई आहे, परदेशी उपकंपन्यांसाठी मात्र मूळ कंपनी हमी देऊ शकते. अहवालातलं संभाव्य देण्यांचं (पुढे अंगावर येऊ शकतील अशा देण्यांचं) प्रकरण आणि मोठ्या भागधारकांशी झालेल्या व्यवहारांचं प्रकरण, दोन्हीकडचे हमीचे तक्ते जुळवून पाहा. पोलंडपासून उझबेकिस्तानपर्यंत कारखाने घेत सुटलेला देवू समूह 1999 मध्ये कोसळला, त्यानंतर लंडनमधल्या गुप्त खात्यांतून फिरवलेले अब्जावधी डॉलर उघडकीला आले.

हमीच्या रकमा बहुधा डॉलरमध्ये असतात. त्या वोनमध्ये दोनदा बदला: एकदा ताळेबंदाच्या तारखेच्या दराने, एकदा वोनची किंमत निम्मी धरून. 1997 च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे 850 वोन पडत. डिसेंबरात 1,900 च्या वर.