न लावता उगवलेले रोप: ओळखताना आणि ठेवताना या चुका टाळा

बागेत आपण न लावलेले रोप दिसले की बहुतेकदा ते तण समजून लगेच उपटले जाते, नाहीतर "बघू काय येते ते" असे म्हणत महिनोन्महिने तसेच राहते. दोन्हीकडे चूक एकच असते, ती म्हणजे निर्णयाची मुदत ठरलेली नसते. माझ्या मते अनोळखी रोपाला फूल येईपर्यंत वेळ द्यावा, कारण खात्रीची ओळख फुलावरूनच पटते. मात्र नाव कळल्याशिवाय त्याला बी धरू देऊ नये.

जमिनीतून वर येणारी पहिली दोन पाने बहुधा बीजदले, म्हणजे बीमध्येच तयार असलेली पाने, असतात आणि कितीतरी वेगवेगळ्या वनस्पतींची बीजदले जवळजवळ सारखीच दिसतात. त्यावरून नाव ठरवण्याची घाई करू नये. निदान चार-पाच खरी पाने येऊ द्यावीत.

सर्वांत जास्त फसगत होते ती पान म्हणजे नेमके काय, हे न पाहिल्यामुळे. कडुनिंबाच्या काडीवर दिसणारी प्रत्येक हिरवी पाती म्हणजे स्वतंत्र पान नव्हे, ती पर्णिका आहे. आख्खी काडी मिळून एक पान होते. हे तपासायचे असेल तर देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या बेचक्यात पाहावे. तिथे बारीक डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, दिसतो, पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. एवढे जमले की कडुनिंब आणि बकाणनिंब वेगळे काढता येतात, कारण कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, तर वाढलेल्या बकाणनिंबाचे पान दोन-तीनदा विभागलेले असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बकाणनिंबाची फळे माणसाला विषारी असतात. ती पक्षी खातात. म्हणून "पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालेल" हा समज मनातून काढूनच टाकावा. ओळख पटण्यापूर्वी कोणतेही पान किंवा फळ चाखू नये आणि चीक डोळ्यांजवळ नेऊ नये.

मोबाइल ॲपला एकाच पानाचा फोटो दाखवून पहिले नाव खरे मानणे ही अलीकडे फार दिसणारी चूक आहे. ॲप अंदाज देते, तो पडताळून पाहणे आपले काम आहे. पानाच्या दोन्ही बाजू, खोड, पानांची मांडणी आणि फूल यांचे वेगवेगळे फोटो द्यावेत आणि सुचवलेल्या नावाची लक्षणे रोपाशी जुळवून पाहावीत. काही खुणा फोटोत येतच नाहीत. माक्याचे पान हातमोजा घालून चुरडले की रस थोड्या वेळात काळपट पडतो. तुळशीचे कोवळे खोड बोटांत फिरवले तर चौकोनी लागते.

फुलापर्यंत थांबण्याच्या नियमाला गाजरगवत हा ठळक अपवाद आहे. कोवळेपणी त्याची पाने शेवंतीसारखी भासतात, म्हणून ते कौतुकाने जपले जाते. ते अवघ्या महिना-दीड महिन्यात फुलू शकते, एक मोठे झाड १५,००० हून अधिक बिया देऊ शकते आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. ओळखताच हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट काढावे. भिंतीच्या फटीतला पिंपळही लहान असतानाच काढावा. मुळे जाड झाल्यावर भिंत फोडल्याशिवाय तो निघत नाही. लव्हाळा मात्र नुसता ओढून उपयोग नाही. त्याच्या गाठी मातीत राहतात आणि पुन्हा फुटतात, म्हणून खुरप्याने खोल माती उकरून त्या वेचाव्या लागतात.

ठेवायचे रोप निवडताना केवळ फुलांचे सौंदर्य पाहू नये. धोतऱ्याचे फूल देखणे असते, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी तो नको. रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो, तरीही ती लगेच तोडू नये, असे मला मनापासून वाटते. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिची पाने खाऊन वाढतात. बागेच्या कडेला, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा असेल तर तिथली रुई राहू द्यावी.